गायरान पेटलं तेव्हाचे दिलावरमामा

आमच्या वस्तीचं प्यायचं पाणी ज्या माणसानं मातीत ओतलं, त्याला जाऊन आज एक वर्ष झालं.

आणि वस्ती अजून त्याला दुवा देते.

दिलावरमामा. यवतचे. २००३ च्या दुष्काळात न्हावऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर आणायचे.

मी तेव्हा नवी सून. शिरूरला वाढलेली, बी.ए. झालेली. नळाखाली बादली लावायची, एवढाच माझा पाण्याचा एक्स्पिरियन्स.

पहिल्या दिवशी माझी छोटी स्टीलची कळशी बघून मामा म्हणाले, "सूनबाई, पाणी न्यायला आलाय का तीर्थ?"

सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. पुढच्या खेपेला मी ड्रम घेऊन गेले.

"आत्ता तुमी वस्तीच्या झाला!"

टँकर एक दिवसाआड यायचा. एप्रिलमध्ये एकदा तो मधेच बंद पडला आणि चौथ्या दिवशी आला. घरोघरी माठ तळाला गेलेले. दुपारचे दोन वाजलेले, हंड्यांची लाईन लागलेली, मामांनी कॉकला हात घातलेला.

तेवढ्यात धूर दिसला.

नामदेवआप्पांनी, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांनी, ऊस तुटून गेल्यावर राहिलेलं पाचट पेटवलं होतं. दरवर्षी पेटवायचे. सगळेच पेटवायचे. पण त्या दिवशी वारं फिरलं आणि आग बांध ओलांडून गायरानात शिरली.

गायरान म्हणजे वाळून कोळ झालेलं गवत आणि काटेरी झुडपं. त्याला लागून आमची चौदा घरं. कडब्याच्या गंज्या, शेळ्यांची छपरं.

फायर ब्रिगेडची गाडी लांबून यायची. तिला फोन करायचा तर एसटीडी बूथ न्हावऱ्यात.

मामांनी कॉकवरचा हात काढला.

"बायांनो, पाणी तुमचं हाय. बोला, काय करू?"

सगळ्यांच्या नजरा रिकाम्या हंड्यांवर. चार दिवस वाट बघितलेलं पाणी.

शेवटी माझ्या सासूबाई ओरडल्या, "इचारत काय बसलास दिलावर? घाल गाडी!"

मागून कुणीतरी म्हणालं, "आन् उद्या प्यायला?"

"उद्याचं उद्या! आज घरं तर ऱ्हाऊ देत!"

मामांनी टँकर थेट गायरानाच्या कडेला घातला. पहिला गिअर, मागचा कॉक फुल उघडा. एका बाजूला आग, एका बाजूला आमची घरं, आणि मधून गाडी बैलगाडीच्या चालीनं चाललेली. मागं ओल्या मातीचा पट्टा.

त्या पट्ट्यावर आम्ही बाया. भिजवलेली पोती घेऊन, उडून येणारी प्रत्येक ठिणगी झोडपत.

मामा खिडकीतून ओरडत होते, "पट्ट्याच्या अलीकडंच ऱ्हावा! पलीकडं पाय टाकायचा न्हाई!"

आप्पा लिंबाची फांदी घेऊन पळत आले. रडत होते आणि झोडपत होते.

मला भीती वाटत होती का? खूप. पण थांबायला कुणाला वेळ होता?

आग ओल्या पट्ट्यापाशी आली. फुरफुरली, धुमसली, बसली.

आमची कडब्याची एक गंजी गेली. बाकी माणूस, जनावर, घर, सगळं शाबूत.

मग आम्ही एकमेकींकडं बघितलं. सगळ्यांची तोंडं काळीकुट्ट. सासूबाई मला न्याहाळत म्हणाल्या, "आन् लग्नात पोरगी गोरी हाय म्हणून सांगितलं हुतं!"

त्या दिवशी मी पहिल्यांदा सासरी पोट धरून हसले.

हंडे मात्र रिकामेच. मामा म्हणाले, "अजून उजेड हाय. आलोच." आणि दिवस मावळायच्या आत टँकर भरून परत आले.

दुसऱ्या दिवशी तहसीलातले एक साहेब चौकशीला आले. "एका दिवसात दोन खेपा? पहिलं पाणी गेलं कुठं?"

मामा काही बोलायच्या आत सासूबाई पुढं. "प्यालो आमी. लई ऊन हुतं."

साहेबांनी काळं पडलेलं गायरान बघितलं, गालात हसले आणि गेले.

नामदेवआप्पा मात्र कितीतरी दिवस मान वर करेनात. मामा एकदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले, हक्कानं चहा मागितला आणि म्हणाले, "आप्पा, पाचट सरीत दाबा. कुजलं की खत हुतंय. आन् पेटवायचंच आसंल तर मला हाक मारा, टँकर घिऊन उभा ऱ्हातो."

आप्पांनी परत कधी काडी लावली नाही.

पुढं पाऊस झाला, टँकर बंद झाले. मामांनी एक जुना ट्रॅक्टर घेतला. आमचा संबंध संपायला हवा होता ना?

नाही संपला. दरवर्षी मामा यायचे आणि गवत आणि घरांच्या मधे नांगरून रुंद पट्टा काढायचे. नुसती उघडी माती. आगीला खायला काही नाही. बदल्यात सासूबाईंच्या हातची शेंगोळी, दोन ताटं.

गायरान नंतर दोनदा पेटलं. दोन्ही वेळा पट्ट्यावर अडलं. मग शेजारच्या वस्त्याही मामांना बोलवायला लागल्या.

सुरुवातीला ते होळीच्या आधी यायचे. मग शिवरात्रीला. शेवटची काही वर्षं तर संक्रांत झाली की लगेच.

मी विचारलं, "मामा, एवढ्या लवकर?"

"ऊन आता लवकर कामाला लागतंय, सूनबाई. गवत बी लवकर वाळतंय. मग आपुन कशाला मागं ऱ्हायचं?"

मामा गेले तेव्हा आम्ही सगळे यवतला गेलो होतो. सासूबाई मामींचा हात हातात घेऊन बसल्या.  परतीच्या वाटेवर आप्पांनीच विचारलं, "आता पट्टा कोण मारायचा?"

मी म्हणाले, "मी."

वर्षभर ट्रॅक्टर शिकले. मागच्या आठवड्यात पट्टा मारला.

आप्पा बांधावरनं ओरडत होते, "आगं वाकडं चाललंय, वाकडं!"

ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई काठी आपटत म्हणाल्या, "चालू दे वाकडं! आग काय फूटपट्टी घिऊन येती व्हय?"

मामा, पट्टा झालाय. वाकडा आहे, पण रुंद आहे.

चौदा घरांचा तुम्हाला सलाम.