शेऱ्यांचा रकाना

“तो शेऱ्यांचा रकाना काढूनच टाकू. संशोधकांना आकडे हवेत, गोष्टी नकोत,” सर आतून फोनवर कुणाला तरी सांगत होते. मी ऐकलं, आणि माझ्या शेजारी मांडीवर थर्मास घेऊन बसलेल्या काकांनीही ऐकलं.

काकांनी पाहिलं नाही असं स्वयंपाकघर सातारा-सांगलीत नसेल, आणि जिथला चहा ते प्यायले असंही नसेल. घरोघरी जाऊन घरखर्चाच्या पाहणीचे फॉर्म भरण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. आपण चहा प्यायलो की त्या घराच्या साखरेचा आकडा चुकतो, हे त्यांचं शास्त्र. वाईच्या एक आजी हट्टालाच पेटल्या, तेव्हा काकांनी उलट त्यांनाच थर्मासमधला चहा पाजला आणि फॉर्मवर शेरा मारला, ‘आजींच्या पोटात माझा अर्धा कप, तो धरू नये.’ शेजारीण बसलेली असली की बायका तुपाचा आकडा फुगवतात, म्हणून ती उठेपर्यंत ते उसाबद्दल बोलत राहायचे. निवृत्तीनंतर त्यांना महिनाभर बोलावलं होतं ते फक्त त्यांचं अक्षर मला लागावं म्हणून. इंग्रजी शाळेतली मी अडखळले की म्हणायचे, “पोरी, तुज्यापरास आमची कोंबडी बरी वाचंल.”

ते सगळे फॉर्म कुणालाही सहज वापरता येईल अशा एका फाइलमध्ये बसवणं हे माझं काम. आकडे जुळले नाहीत की संगणक ते घर लाल दाखवायचा. लाल घरी पुन्हा माणूस पाठवून विचारायचं, असा नियम होता.

त्या दुपारी इस्लामपूरजवळचं एक घर लाल झालं. पहिल्या फेरीत रोज अर्धा लिटर दूध, दुसऱ्या फेरीत शून्य. पुढे शेरा होता, ‘लेकरू गेलं. परत विचारू नये.’

काका बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिले.

“कोरा च्या ठिवला तिनं म्होरं,” ते म्हणाले. “यवढा एकच प्यालो बग जल्मात. त्याचा शेरा न्हाई लिवला.”

सर बाहेर आले. रकाना काढला का, आणि इस्लामपूरला कुणाला पाठवायचं, असं त्यांनी विचारलं. काकांचा तो शेवटचा आठवडा होता. ते थर्मास पिशवीत ठेवू लागले. हजेरीपलीकडे माझा आवाज त्या ऑफिसात कुणी फारसा ऐकला नव्हता.

“रकाना राहील, सर,” मी म्हणाले. “तिथं दूध शून्यच आहे. त्या घरी कुणी जायचं नाही.”