आठच्या वर नाही

सीडीवाले भाऊ पन्नासाच्या डब्यातली एकेक कोरी सीडी ट्यूबलाइटसमोर धरून पाहत. उजेड आरपार दिसला की सीडी बाजूला पडायची. "हे डबडं हाये, ताई. दोन उन्हाळे नाही काढत," एवढंच म्हणत. आर्णीच्या बसस्थानकामागच्या त्यांच्या दुकानात लोक गाणी भरून घ्यायला येत आणि आधी हा कार्यक्रम बघत ताटकळत. मीही ताटकळले आहे, मनात चरफडले आहे.

दुसरा हट्ट वेगाचा. बाकीचे दुकानदार चहा संपायच्या आत सीडी हातात ठेवत. भाऊ मशीनला आठपट वेगाच्या पुढे जाऊच देत नसत. "घाईनं राइट केली का आवाज फाटते. आठच्या वर नाही." मग ती सीडी जुन्या प्लेअरवर पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः ऐकायची, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला मिळणार. नाव लिहायचं तेही मधल्या पारदर्शक कड्यावर, मुंगीएवढ्या अक्षरात. वर स्टिकर चिकटवायला सक्त मनाई.

मी आईची कॅसेट घेऊन गेले तेव्हा राळेगावच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची भुलाबाईची गाणी मामाने एकदा अंगणात टेप केली होती; तिचा आवाज म्हणून तेवढाच उरलेला, आणि पट्टी चुरगळलेली. भाऊंनी चिमटा आणि पेन्सिल घेऊन ती सरळ केली. "एकदाच वाजन हे," म्हणाले. तसंच झालं. गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरली आणि शेवटी पट्टी तुटली.

"गाण्याच्या मधात बोलणं हाये, खोकला हाये, बकरी ओरडून राह्यली. ठेवू का काढू?" त्यांनी विचारलं.

"काढा," मी म्हणाले. वर्षश्राद्धाला नातेवाइकांपुढे लावायची होती, स्वच्छ हवी होती.

"पाहा बरं, ताई. मागून टाकता येत नाही."

तरी मी काढा म्हणाले. आणि घरी येऊन त्या सीडीवर आईचा फोटो छापलेलं स्टिकर चिकटवलं. भाऊंचं सगळं ऐकून घेतलं होतं, पण आईचा चेहरा दिसावा असं वाटलं.

इतक्या वर्षांनी यंदा ती सीडी अडखळायला लागली. मी स्टिकर सोलायला गेले तर त्याच्यासोबत खालचा चंदेरी थरही निघून आला. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन यष्ट्या बदलून आर्णीला गेले. उन्हाने जीव नकोसा झाला होता, आणि खरं सांगायचं तर आशाही फारशी नव्हती.

दुकानात आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. भाऊ थकलेले, एक कान पार गेलेला. सीडी हातात घेऊन त्यांनी उलटीपालटी केली.

"फोटो लावला न?"

मी हो म्हणाले. फार लाज वाटली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वरच्या फळीवरून एक खोका उतरवला, धूळ झटकली आणि एक सीडी माझ्यापुढे धरली. मधल्या कड्यावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: मास्तरीणबाईची आई, बोलण्यासकट.

"तुमची कापली, पण मले जिवावर आलतं," ते म्हणाले. "गाणे तं कोणीबी म्हणन."

त्यांनी ती जुन्या प्लेअरमध्ये घातली. एक गाणं संपलं. आई खोकली. मग म्हणाली, "मंदे, दूध उतू जाईन वं, पाह्य जरा." मंदा म्हणजे मी. मी स्टुलावरून उठून उभी राहिले होते, हे मागून कळलं.

भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. "आलं का ते दुधाचं?"

मी मान डोलावली.

त्यांनी कपाटातून एक कोरी सीडी काढली, ट्यूबलाइटसमोर धरली, मशीनमध्ये सरकवली. वेग आठच. तयार झाल्यावर सवयीने प्लेअरपाशी गेले आणि थांबले.

"आता पुरी तुमीच आयका, ताई. माह्या कानाचा भरोसा नाही राह्यला."

मी खाली बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.