आवी

अण्णा नगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे ते गृहस्थ निवृत्त कारकून आहेत. ते तंजावरी मराठी बोलतात आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला ‘सार’ म्हणतात. दिवंगत पत्नीची नीलगिरी तेलाची बाटली ते रोज एकदा उघडून हुंगतात आणि दर रविवारी तिच्या लेबलावर पेन्सिलीने तेलाच्या पातळीची खूण करतात.

गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावले. तेल तळाशी आले होते.

“सार, थेंबभर वापरीत नाहीं मी. मग जातें कोठें?”

मी शिकवण्याच्या सवयीने सांगितले, “वाफ होण्यासाठी द्रव उकळावाच लागतो असे नाही. पृष्ठभागावरचे चपळ कण सदैव निसटत असतात. उष्णता किंवा वारा असला तर अधिकच. ते नाकाशी पोचतात, त्यालाच आपण वास म्हणतो.”

“म्हणजे मी हुंगतों, म्हणून सरतें?”

“झाकण घट्ट लावून ठेवा, पुष्कळ टिकेल.”

“टिकेल हो. पण मग वास?”

मी लेबलावरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहू लागलो. तेच हळूच हसून म्हणाले, “तमिळांत वाफेला आवी म्हणतात, सार. जिवालाही आवीच.”

मग त्यांनी उठून खिडकी लावली, पंखा बंद केला आणि झाकण उघडून बाटली आधी माझ्यापुढे धरली.

“घ्या, सार.”

मी श्वास अगदी थोडाच घेतला.