पेट्रोलच्या झाकणावरचा शेंदूर

१९४४ च्या दसऱ्यानंतर माझी बदली साताऱ्याच्या भरती केंद्राच्या मोटार विभागात झाली. मी तेव्हा नाईक होतो, कामाने व्हेइकल मेकॅनिक. विभाग म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन लॉऱ्या आणि एक जुनी उघडी अमेरिकन मोटार. त्या मोटारीला मी पाहताक्षणी ओळखले. अडीच वर्षांपूर्वी तिच्याच मागच्या सीटवर बसून मी फौजेत आलो होतो. माझ्या शेजारी बिरू कोळेकर बसला होता.

आमची वाडी कवठे महांकाळच्या पुढे सात मैलांवर. सगळी घरे मेंढपाळांची. मी वाडीतला पहिला मॅट्रिक, म्हणून फौजेने माझ्या हातात पाना दिला. पुढे फौजेच्याच आधारावर सांगलीत राहून मी बी.ए. झालो. ते उपकार मी विसरलेलो नाही. बिरूला सही येत नव्हती. त्याला रायफल कंपनी मिळाली.

आम्हाला न्यायला हवालदार ज्ञानू साळुंखे आले होते. मोटार तेच चालवत. बिरूची आई तानूबाई मोटारीच्या दाराला धरून उभी होती. तेव्हा हवालदार तिला म्हणाले होते, "म्हातारे, ह्याच गाडीनं नेतोय. ह्याच गाडीनं माघारी आणून सोडतो." असा शब्द ते प्रत्येक आईला देत.

बिरू ब्रह्मदेशात पडला. मी साताऱ्याला हजर झालो त्याच आठवड्यात त्याच्या सामानाची पेटी आली. काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव.

हवालदार त्याच मोटारीने पेटी पोचवायची परवानगी मागायला कॅप्टनसाहेबांसमोर उभे राहिले. मी मागे होतो. साहेब इंग्रज, पण माणूस सरळ. टेबलावर वर्कशॉपचा रिपोर्ट होता: गाडी मुश्किलीने सुरू होते, चढावर ओढत नाही, इंजिन झिजले आहे, निकामी ठरवावी.

"गाडी खतम है, हवालदार. पेटी पार्सल से भेजो."

"पार्सल नहीं, साहब."

साहेबांनी मान वर केली. हवालदार सावधानमध्येच होते. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी साहेबाला "नहीं" म्हटलेले कोणी ऐकले नव्हते.

मी एक पाऊल पुढे आलो. रिपोर्ट लिहिणारा माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचा होता. तरी म्हणालो, "साहब, इंजिन घिसा नहीं है. मुझे एक दिन दीजिए."

मी हे हवेत बोललो नव्हतो. सकाळीच मी स्विच बंद ठेवून, इंजिन सुरू करायचे पुढचे हँडल सावकाश फिरवून पाहिले होते. चारही सिलिंडर हाताला सारखाच उलटा जोर देत होते. झिजलेले इंजिन असा जोर देत नाही.

साहेबांनी थोडा विचार केला. "कल शाम चार बजे. यवतेश्वर का घाट. मैं खुद बैठूँगा. चढ़ी तो जाओ. नहीं चढ़ी तो पार्सल."

बाहेर आल्यावर हवालदार एवढेच बोलले, "माणूस म्या गाडीतनं नेला, अन् पोस्टानं माघारी धाडू व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बॉनेट उघडले. चारही प्लग काजळीने काळे झाले होते. ते घासून साफ केले. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट जळून खडबडीत झाले होते. ते कानशीने सपाट करून त्यांच्यातली फट नेमकी लावली. कार्बोरेटर उतरवून धुतला. शेजारी लॉरीचा ड्रायव्हर सर्जेराव चहा पीत उभा होता.

"आवं हवालदार," तो म्हणाला, "कशाला ह्या पोराला राबवताय? बैलजोडी जुपा की फुडं. येळंवर पोचाल."

"तुझीच मान जुपतो," हवालदार म्हणाले. "बैलापरीस तू जास्त खातोस."

आदल्या दिवसापर्यंत वीस वेळा हँडल मारावे लागे. साडेदहाला गाडी तिसऱ्या हँडलला सुरू झाली. हवालदारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. निम्मा दोष निघाला होता. सगळाच निघाला, असे मला वाटले. ही माझी चूक होती.

चारला साहेब पुढे हवालदारांशेजारी बसले. मी मागे बसलो. पेटी माझ्या पायाशी ठेवली होती. वजन धरूनच परीक्षा व्हावी, असा हवालदारांचा हट्ट. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे पेट्रोलच्या झाकणाला हात लावून तो कपाळाला लावला. त्या मोटारीची टाकी पुढच्या काचेच्या खालीच होती आणि तिचे झाकण बरोबर मधोमध, मूर्तीच्या कपाळासारखे. दर खंडेनवमीला हत्यारांबरोबर गाड्यांची पूजा होई, तेव्हा हवालदार त्या झाकणाला तेलात कालवलेला शेंदूर लावत. तीन वर्षांचे थर बसले होते.

पहिले वळण गाडीने चांगले घेतले. दुसऱ्या वळणावर जोर कमी झाला. हवालदारांनी गिअर खाली घेतला. इंजिनने दोन आचके दिले आणि ते बंद पडले. चार वाजून बावीस मिनिटे झाली होती.

साहेबांनी घड्याळ पाहिले. "Finished," ते म्हणाले. रागाने नव्हे.

"पाँच मिनट, साहब," मी म्हणालो आणि उत्तराची वाट न पाहता उतरलो. चाकामागे दगड लावले. कार्बोरेटरचा खालचा स्क्रू सैल केला. पेट्रोलचे चार थेंब पडले आणि थांबले.

"टाकी बघा, हवालदारसाहेब."

त्यांनी झाकण फिरवले. फुस्स असा आवाज झाला. त्याच क्षणी माझ्या बोटांवर पेट्रोलची धार आली.

"अर्धी हाय," हवालदार म्हणाले.

"झाकण लावा."

त्यांनी लावले. धार हळूहळू बारीक झाली आणि थेंबावर आली.

"काढा."

धार पुन्हा मोठी झाली. मी स्क्रू आवळला आणि उठलो. काय झाले ते मला कळले होते. ते त्यांना सांगणे इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा अवघड होते.

"आवं, झाकणात एक भोक असतंय. टाचणीएवढं. त्यातनं टाकीत वारा जातो. वारा गेला न्हाई तर पेट्रोल खाली उतरत न्हाई. ते भोक शेंदराखाली बुजलंय."

हवालदार झाकणाकडे पाहत राहिले. "देवाचा शेंदूर हाय त्यो."

"व्हय."

"म्हंजे म्याच तिचा गळा दाबला."

साहेबांना भाषा कळली नसावी, पण प्रसंग कळला. मी खिशातून चाकू काढला. हवालदारांनी तो माझ्या हातातून घेतला.

"माझ्या हातचा हाय. म्याच काढणार."

त्यांनी झाकण रुमालावर धरून एकेक थर खरवडला. खाली भोक दिसले. तारेने ते मोकळे केले. शेंदराची भुकटी रुमालात बांधून खिशात ठेवली. मग झाकण लावले, हँडल स्वतः मारले आणि गाडी दुसऱ्या फिरकीला सुरू झाली. घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. वाटेत ती एकदाही दमली नाही. साहेबांनी उतरून बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि म्हणाले, "कल सुबह जाओ."

पहाटे निघालो. कऱ्हाड, इस्लामपूर, सांगलीचा पूल, मिरज. भोशाजवळच्या चढावर हवालदारांनी मागे वळून पेटीकडे पाहिले आणि गिअर न बदलता गाडी चढवली. दुपारी अडीचला वाडीत पोचलो.

तानूबाई दारात उभी होती. तार तिला आधीच मिळाली होती. हवालदारांनी आणि मी पेटी उतरवली. हवालदारांनी सॅल्यूट केला.

तिने पेटीवर हात ठेवला, मग मोटारीकडे पाहिले. "गाडी तीच हाय?"

"तीच हाय, आये," हवालदार म्हणाले.

तिने बॉनेटला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "लय तापलीया. लांबनं आलीया." ती आत गेली आणि पाण्याची भरलेली घागर घेऊन आली. आमच्याकडे पाणी दोन मैलांवरून डोक्यावर आणावे लागे. तिने ती घागर रेडिएटरमध्ये ओतायला माझ्या हातात दिली. मी सगळी ओतली. एक थेंब सांडू दिला नाही.

निघताना हवालदारांनी रुमालातला शेंदूर वाडीबाहेरच्या बिरोबाच्या दगडाला लावला.

आज काही शिकलेले लोक मला म्हणतात, तुमचा बिरू परक्याच्या लढाईत फुकट मेला. मीही शिकलेला आहे, वाद घालू शकतो. घालत नाही. दर खंडेनवमीला माझ्या दारातल्या गाडीला शेंदूर लावतो, झाकण सोडून. पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओततो आणि मोठ्याने, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणतो: शिपाई बिरू कोळेकर. ज्या गाडीने गेला, त्याच गाडीने घरी आला.