गुंडावरचं नाव

मंडळी, दुपारीच मोताळ्याच्या बाजारातून आले, पण कानात अजून पितळ वाजतंय.

आईने तिच्या लग्नातला पितळी गुंड विकायला दिला होता. "आता पाण्यानं भरलेला इतका जड गुंड कोन उचलते? इकून टाक," म्हणाली.

जुनी भांडी घेणाऱ्या काकांनी गुंड हातावर तोलला, टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मीही ऐकलं. खोल विहिरीतून कुणी हाक मारावी तसा आवाज, विरता विरेना.

"आवाज साफ हाये, ताई. चीर असती त मोडीत गेला असता. हा पुन्हा इकता येते." मग काठावर बोट फिरवत म्हणाले, "फक्त हे नाव घासा लागते. नाव गेलं की मंग कोनाच्याबी घरात चालते. सुमन कोन हाये?"

क्षणभर मलाच कळेना. माझी आई तर मंदाकिनी. मग आठवलं, लग्नात तिचं नाव बदललं होतं. सुमन हे माहेरचं.

तिथूनच फोन लावला. "आई, गुंडावरचं नाव घासू देऊ का?"

 ती हळूच म्हणाली, "काय लिहिलं हाये त्याच्यावर? वाच बरं."

"सुमन."

"अजून एकदा वाच."

गुंड घरी परत आणलाय.

तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं? त्या नावाने तिला शेवटची हाक कुणी मारली होती?