जिन्याखालची जिलेबी

हे लिहायला मी बरीच वर्षं टाळाटाळ केली, कारण यात माझी बाजू घेण्यासारखं काहीच नाही.

आमच्या बुऱ्हाणपूरच्या घरी वरच्या मजल्यावर फिलिपिन्सहून एक कुटुंब भाड्याने राहायला आलं. नवरा केळीतला जाणकार. इच्छापूरच्या रस्त्यावर केळीच्या पिठाचा कारखाना निघत होता, तिथे त्याला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. सोबत बायको आणि आठ वर्षांची मुलगी. आम्ही त्यांना वरचे भाऊ आणि वरची वहिनी म्हणायचो.

नळ एक दिवसाआड, तोही पाऊण तास येतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा माझी बायको खालून हातातली बादली दाखवत ओरडली, "वहिनी, भरा, भरा! जे दिसेल ते भरा!" वहिनींनी बादल्या भरल्या, पातेली भरली, फुलदाणी भरली, मुलीचा शाळेचा डबासुद्धा भरला. संध्याकाळी भाऊ घरी आले तर त्यांचे पावसाळी बूट काठोकाठ भरून दाराशी उभे.

मग डब्याचं प्रकरण झालं. बायकोने वर शेवभाजी पाठवली. दुसऱ्या दिवशी डबा घासूनपुसून लखलखीत होऊन खाली आला, पण रिकामा. बायको त्यांना काही बोलली नाही. समोरच्या काकूंना मात्र म्हणाली, "खाली डबा भेजला हो बाई, एकदम रिकामा!" आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात, हे भाऊंना कारखान्यात कोणाकडून तरी कळलं. ते तसेच धावत माझ्याकडे आले आणि इंग्रजीत म्हणाले, "तो डबा परत द्या. मला तो पुन्हा परत करायचा आहे." मी दिला. पाच मिनिटांनी त्यात केळी आली. आमच्या परसात तेव्हा केळीचे चार घड लटकत होते, पण बायकोने ती केळी डोळ्यांना लावून घेतली.

त्या संध्याकाळी भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. "अजून किती रीती आहेत? सगळ्या सांगा. माझी मुलगी शाळेत एकटी डबा खाते. आम्ही इथे चुकत राहिलो तर तिला कोण जवळ करणार?"

इथे मी खरोखर चांगला माणूस असतो तर त्यांना चार खऱ्या रीती सांगितल्या असत्या. पण तीन महिन्यांपूर्वी माझ्या रक्तात साखर सापडली होती. बायकोने घरातला गूळ कुलपात ठेवला होता. इतवारा बाजारातल्या हलवायालाही ताकीद होती. मी दुकानात पाय ठेवला की तो हात जोडायचा, "दादा, भाभी मना करून गेल्या. मला ह्याच गावात राहायचंय." समोर कढईत मावा जिलेबी फुगत असायची, काळसर, जाड, पाकाने जड झालेली.

मी म्हणालो, "एक रीत आहे. नव्या भाडेकरूने दर गुरुवारी संध्याकाळी घरमालकाला मावा जिलेबी द्यायची. गरम. जिन्याखाली."

"जिन्याखालीच का?"

"घरातल्या बाईने पाहिलं तर लक्ष्मी रागावते."

गुरुवारी संध्याकाळी माझी बायको दत्ताच्या आरतीला जायची. खोटं पक्कं व्हावं म्हणून मी आणखी दोन गोष्टी जोडल्या. दोघांच्या डोक्यावर रुमाल हवा, आणि घेणाऱ्याची पहिली जिलेबी खाऊन होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. हे का जोडलं, मला आजही सांगता येत नाही. माणूस लबाडी करायला लागला की त्याला कलाकुसर सुचते.

भाऊ एकही गुरुवार चुकले नाहीत. मुलीला शिकवायला सोबत आणायचे. आम्ही तिघं डोक्यावर रुमाल टाकून पाण्याच्या मोटारीशेजारी गंभीरपणे उभे. मी खायचो, ते बघायचे. इकडे माझी साखर चढत होती आणि बायको हैराण. आधी माझा भात बंद केला, मग बटाटा, मग आमच्याच परसातली केळी. शेवटी माझ्या सोबतीला म्हणून तिने स्वतःच्या चहातली साखर सोडली. तो बिनसाखरेचा चहा पिताना तिचं तोंड मी रोज सकाळी बघत होतो, आणि गुरुवारची वाटही बघत होतो.

एका गुरुवारी मुलगी रडवेली होऊन आली. वर्गात बाईंनी प्रत्येकाला घरची एक रीत सांगायला सांगितली होती. तिने बाकावर उभं राहून डोक्यावर रुमाल टाकला आणि तोंड गच्च मिटून सगळं करून दाखवलं. वर्ग हसून लोळला. "झूठी! अशी रीत कुठे असते का?"

तिने मला विचारलं, "काका, मी काय चुकीचं केलं?"

माझ्या तोंडात अख्खी जिलेबी होती आणि रीतीप्रमाणे मला बोलता येत नव्हतं. ती शहाणी पोर माझं खाऊन होण्याची वाट बघत उभी राहिली. मी आयुष्यात इतकी सावकाश जिलेबी खाल्ली नाही. पण जिलेबी ती, कधीतरी संपणारच.

"तू नाही चुकलीस," मी म्हणालो. "मी चुकलो. अशी रीत नाही. मला जिलेबी हवी होती."

भाऊंनी डोक्यावरचा रुमाल काढला, नीट घडी केली, खिशात ठेवला. म्हणाले, "मग ती लक्ष्मी?"

"ती माझी बायको."

"तिला तुम्ही सांगाल," ते म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

सांगितलं. आधी साखर, मग चहा, मग जिना, असं सगळं बायकोच्या डोळ्यांपुढून गेलेलं मला दिसलं. वाटलं, आता लाटणं येतं. पण ती म्हणाली, "माझं मी बघते. पण अहो, ती पोर वर्गात खोटी पडली ना! आता ती रीत खरी करून द्या."

पुढच्या गुरुवारी तिचा अख्खा वर्ग आमच्या अंगणात होता. हलवायाने कढई आमच्याच दारात मांडली. मुलगी पायरीवर उभी राहून हुकूम सोडत होती, शाळेतल्या हिंदीत आणि गल्लीतल्या मराठीत. सगळ्यांच्या डोक्यावर रुमाल. ज्या मुलाने तिला झूठी म्हटलं होतं, त्याचा रुमाल तिने दोनदा नीट करवून घेतला. नियम मात्र तिने बदलले होते. जिलेबी घरमालकाने वाटायची, स्वतः एकही खायची नाही, आणि शेवटच्या माणसाला मिळेपर्यंत तोंड उघडायचं नाही.

शुक्रवारपासून तिच्यासोबत डबा खायला इतक्या जणी बसू लागल्या, की वहिनींना दोन डबे द्यावे लागले.

तीन वर्षांनी ते परत गेले. रीत राहिली. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या गुरुवारी आमच्या अंगणात कढई चढते आणि मी वाटायला उभा राहतो. परवा खंडव्याहून एक बँकेतले साहेब राहायला आले. समोरचे काका त्यांना समजावत होते, "साहेब, ही आमच्या शहराची बादशाही जमान्यापासूनची रीत आहे."

माझ्या डोक्यावर रुमाल होता, हातात परात होती, आणि अजून अकरा माणसं बाकी होती. पायरीवरून बायको माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटून पुढची जिलेबी उचलली.