अख्खा मांडा

आमच्या घरी मोठ्या पलंगाखाली एक वेताची टोपली होती आणि तिच्यात माझी अब्रू भरून ठेवलेली होती. चोच नसलेला भरतकामाचा पोपट, एकाच बाहीचं झबलं, रुमाल म्हणून सुरू केलेली पण कडेनं वळत वळत टोपी झालेली क्रोशाची चकती, नानांकडून शिकून दोन हात वळलेला आणि मग सोडून दिलेला अंबाडीचा दोर. पाहुणे आले की माय ती टोपली मुद्दाम बाहेर ओढायची. "एक ना धड, भाराभर चिंध्या," म्हणायची आणि पाहुण्यांबरोबर स्वतःही हसायची. मला असा राग यायचा! मी तिथंच पाय आपटून सांगायची की पोपटाची चोच उद्याच करते. दुसऱ्या दिवशी मी भलतंच काहीतरी शिकायला बसलेली असायची.

आमचं गाव भडगावच्या अलीकडे, गिरणेच्या काठाला. शेतात कपाशी, विहिरीजवळच्या तुकड्यात थोडी केळी. घरात माय, नाना म्हणजे माझे वडील, थोरला भाऊ आणि मी शेंडेफळ. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा भाऊचं लग्न झालं आणि धुळ्याची वहिनी घरात आली. तिचे वडील तिथल्या कुठल्याशा कचेरीत होते. वहिनी मराठी सातवी पास होती, आणि आंदणात तिनं हाताच्या दांड्यानं फिरवायचं शिवणयंत्र आणलं होतं. बैलगाडीतून ते उतरवताना अर्धं गाव गोळा झालं. माय म्हणाली, एवढं मोठं लोखंड घरात आणलं, याला चारा काय घालायचा?

मला विचाराल तर माझं खरं आयुष्य त्या दिवशी सुरू झालं. दुपारी मायचा डोळा लागला की मी वहिनीच्या खोलीत. यंत्राचा दांडा फिरवायला मला फार आवडायचं, सरळ शिवण घालायला अजिबात नाही. वहिनी मला "अहो नणदबाई" म्हणायची. मी अकरा वर्षांची. "अहो नणदबाई, सुई त्या बाजूला जातेय, तुम्ही कुठं निघालात?" असं म्हणून ती हसता हसता माझा हात धरून शिवण वळवायची. टाके, क्रोशा, काजं, हातरुमालाची घडी, पत्राची सुरुवात कशी करायची, ओठ न हलवता कसं वाचायचं, सगळं तिनंच शिकवलं. मायकडून शेवया आणि बिबडे. बिबडे म्हणजे ज्वारीच्या चिकाचे पापड. ते उन्हात घालण्यापुरती माझी मदत व्हायची, कारण तेव्हा ओला चीक चोरून खाता यायचा. गोधडीला टाके घालताना मी दोन ओळी घालायची आणि मग "पाय दुखतात" म्हणून उठायची. टाके हातानं घालतात, दुखायचे मात्र माझे पाय.

एक गोष्ट मात्र मी अर्धी सोडली नाही, ती म्हणजे शाळा. गावात चौथीपर्यंतच होती. चौथी झाली आणि मी घरी बसले. पुढची शाळा भडगावला, नदीपलीकडे, आणि मुलीच्या जातीला रोज नदी ओलांडून कोण पाठवणार? तेव्हा वहिनीच्या वडिलांनीच कळवलं की मुलीला आमच्याकडे ठेवा, इथं मुलींची शाळा घराजवळच आहे. मी ते पत्र इतक्यांदा वाचलं की त्याची घडी फाटली. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "तुझ्या मायला विचार." नाना शेतातल्या चार गड्यांना एका हाकेत उभं करायचे, पण घरातला निकाल कधी देत नसत.

मायला विचारलं तेव्हा ती पाटावर शेवया वळत होती. मान वर न करता म्हणाली, "जी पोर एक काम धड पुरं करत नाही, ती परक्याच्या दारात माझं नाक कापील." मी रडले, भांडले, जेवले नाही. एक वेळच जेवले नाही, दुसऱ्या वेळी भरीत होतं. शेवटी वहिनीनं मध्ये पडून विचारलं, "आत्याबाई, काय पुरं करून दाखवलं म्हणजे पाठवाल?"

मायनं शेवया बाजूला ठेवल्या. तिची बोली पक्की अहिराणी. धुळ्याला ती धुये म्हणायची. "आखाजीले आख्खा मांडा टाकी दखाड," म्हणाली. "मंग धुयाले जाय."

"आनी फाटना ते?" मी विचारलं, म्हणजे फाटला तर?

"मंग पुढली आखाजी." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, वर्षातून एकदाच.

वहिनीचं तोंडच उतरलं. कारण मांडा ही काय चीज आहे ते आमच्याकडच्या माणसालाच ठाऊक. ही पुरणपोळीच, पण चुलीवर मातीचं खापर पालथं घालून त्याच्यावर भाजायची. पोळपाटावर थोडी लाटायची, मग उचलून दोन्ही हातांवर घ्यायची आणि फिरवत फिरवत, झोके देत देत वाढवायची. मनगटापर्यंत येते, कोपरापर्यंत येते, आरपार दिसायला लागते, आणि तेव्हा एका झोक्यात खापरावर अंथरायची. गावात चाळिशी उलटलेल्या बायासुद्धा म्हणायच्या, "मी आपली पुरण वाटते, मांडे तू टाक." आणि मायनं हे मला सांगितलं, जिचे हात अजून तिच्या कोपराएवढेही नव्हते! आता कळतं, तिला काय वाटलं असेल. हिला यायला तीन आखाज्या तरी जातील, तोवर पोर घरात राहील.

पण मीही तिचीच पोर. होळी झाली आणि मी लागले. वहिनी तोवर मांडे बऱ्यापैकी टाकायला शिकली होती. तिनं एक युक्ती काढली. नानांच्या जुन्या धोतराचा गोल तुकडा कापला, ओला करून पिळला आणि माझ्या हातांवर टाकला. "हाच तुमचा मांडा. फिरवा." मी रोज तो चिंधीचा मांडा फिरवायची. खापर म्हणून रांजण. सपकन रांजणावर पडला की वहिनी चहूबाजूंनी बघायची, सुरकुती आहे का, एक बाजू लोंबतेय का. पंधरा दिवसांनी हात कळायला लागला. बोटं नाही लावायची, मुठी लावायच्या. जोर हातात नाही, खांद्यात. आणि घाई करायची नाही. हे शेवटचं मला अजूनपर्यंत जमलं नाही, ते सोडा.

मग खरी कणीक. गहू ओलवून दळलेले, पीठ धोतरातून गाळलेलं. कणीक पाणी आणि तेल लावून इतकी तिंबायची की ओढली तर सुतासारखी लांबते. दर आठ दिवसांनी माय पुरण भरलेले चार उंडे माझ्यापुढं टाकायची. पहिल्या दिवशी चारी मांडे फाटले, एक तर चुलीतच गेला. माय भाजलेला मांडा उचलून दाराकडे उजेडात धरायची. त्यातून उजेडाची एक रेघ जरी दिसली तरी म्हणायची, "फाटना." एवढंच. मी हुज्जत घालायची, हे भोक नाही, डाळीचा कण निघालाय. ती पुन्हा धरायची आणि पुन्हा म्हणायची, "फाटना." वकील झाली असती तर समोरचा पक्ष गाव सोडून गेला असता.

चैत्र सरता सरता मात्र चारातला एक अख्खा पडायला लागला, मग दोन. मायनं उजेडात धरला, फिरवून धरला, आणि दुरडीत ठेवला. त्या दिवशी मी गल्लीत शेजारणींना सांगत सुटले की मी आता धुळ्याला चालले. वहिनीनं कान धरला. "अहो नणदबाई, बाजारात तुरी..." पुढचं मी ऐकलंच नाही.

आखाजीला लेकी माहेरी येतात. आमच्याकडे हा सण दिवाळीपेक्षा मोठा. दोन्ही आत्या आदल्या दिवशी आल्या. त्यांच्यासाठी म्हणून वहिनीनं स्वतःचं माहेर सणानंतर ठेवलं होतं. तिचे वडील दुसऱ्या दिवशी एसटीनं न्यायला येणार होते. मी गेलेच तर त्यांच्याबरोबर. माझी पत्र्याची पेटी घासूनपुसून कोपऱ्यात ठेवली होती, रिकामी.

आणि आता माझं शहाणपण ऐका. आदल्या संध्याकाळी कासारीण आली. माय मागं गोठ्यात होती. तिनं मला आठ दिवस आधीच बजावलं होतं की बांगड्या मांड्यानंतर. पण निंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या पोरींचे हात हिरवेगार, आणि धाकटी आत्या म्हणाली, "ये वं पोरी, भरून घे." मी हात पुढं केला. आणि नुसता केला नाही, कासारणीला म्हणाले, "घट्ट भर, सैल नको." घट्ट बांगडी म्हणजे हात नाजूक दिसतो, असं आम्हा पोरींचं शास्त्र होतं. मांडे टाकणाऱ्या बाया सैल बांगड्या वर कोपराकडे सरकवून ठेवतात, हे मी लहानपणापासून बघत होते. तरी डोक्यात आलं नाही. सकाळी उंडा हातात घेतला आणि बांगड्या वर सारायला गेले, तर त्या जागच्या हलेनात. फोडाव्या म्हटलं तर सणाच्या दिवशी बांगडी फोडायची? आमच्याकडे तो विचारही कोणी करत नाही. वहिनीनं तेल लावलं, साबण लावला. हात लाल झाला, बांगड्या तिथंच.

मायनं पाहिलं. तिच्या कपाळावर आठी चढली. पहिला मांडा तिनं टाकला, पितरांच्या आगारीचा, म्हणजे त्यांच्या नावानं विस्तवावर घालायचा. मग सरकून मला जागा दिली. पलीकडे आत्या पुरण वाटत बसलेल्या, नाना ओसरीवर, भाऊ उगाच आत-बाहेर करतोय. सगळ्यांना पैज माहीत होती.

मी लाटला, उचलला. मनगटं बाहेर वळवून, बांगड्या लागू नयेत म्हणून हात वाकडे धरून फिरवत राहिले. वाढला. छान वाढला. इतका पातळ मी आधी कधी केला नव्हता. पलीकडची वहिनी मला मांड्यातून दिसत होती. शेवटचा झोका दिला आणि डाव्या हाताची बांगडी कडेला लागली. मांडा खापरावर पडला, गोल, चहूबाजूंनी सारखा, आणि एका बाजूला चांगली चार बोटं फाटलेला. फटीतून काळं खापर दिसत होतं. पेटी, शाळा, धुळं, सगळं त्या फटीतून चुलीत गेलं असं मला वाटलं.

थोरल्या आत्यानं तिकडूनच विचारलं, "पडना का वं?"

मी तोंड उघडलं. त्याआधीच मायचा हात पुढं आला. मांडा भाजेपर्यंत ती खापरावर अशी वाकून बसली की तिच्या पदराआड कोणाला काही दिसेना. मग तिनं तो उचलला. उजेडात धरला नाही. फाटलेली बाजू आत घालून घडी केली, त्यावर दुसरी घडी. मांडा रुमालासारखा चौघडीच वाढतात, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही.

"पडना," माय म्हणाली. "आख्खा पडना."

"माय, पण..."

"चूप. दुसरा ले."

तो मांडा तिनं दुरडीत ठेवला नाही. पितळीत घालून वर झाकण टाकलं आणि पितळी मागं सारली. सगळ्यांची आमरसाबरोबर पोटं भरली, आत्या झोक्यावर गेल्या, तेव्हा ती जेवायला बसली. मी दारातून बघत होते. तिनं घडी उलगडली, फाटलेल्या बाजूनं पहिला घास मोडला आणि सावकाश अख्खा मांडा संपवला. तेव्हा मला हसू यावं की रडू, काही कळेना. मी रडले. वाटलं, नाही जात धुळ्याला, इथंच राहते हिच्याजवळ. दुसऱ्या दिवशी एसटीत मात्र खिडकीची जागा मिळवण्यासाठी वहिनीच्या वडिलांनाच ढकललं.

धुळ्यात मी फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत शिकले, आणि शिवणाच्या तासाला पोपटाची चोचही पुरी केली. टोपली माझ्यामागं मायनं जपून ठेवली होती. पाहुण्यांना दाखवून हसायची सवय मात्र तिनं सोडली, असं वहिनी म्हणायची.

बरीच वर्षं मी तिच्यापुढं तो विषय काढला नाही. माझं लग्न झालं, लेक झाली. एका आखाजीला माहेरी आले होते. माय तेव्हा थकलेली, खापरापुढं मी आणि तिच्या शेजारी माझी लेक. मी तिला म्हटलं, "माय, त्या वर्षी माझा मांडा फाटला होता. तू घडी का घातलीस?"

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. चुलीत कपाशीची वाळकी पळकाटी सारली.

"कोनता?" म्हणाली. "माले ते दिसना नई."

मी पुढचा मांडा टाकला. तिनं तो उजेडात धरला, निरखून पाहिला, दुरडीत ठेवला आणि मग म्हणाली, "गोड व्हता पन."